गोधडीखालचा कॉम्प्युटर

५ एप्रिल, रविवार

नवी वही. जुनीत फक्त वजन कमी करायचे संकल्प होते आणि ते मी समाधानकारक टप्प्यावर सोडून दिले आहेत. ही वही कामाची.

आज हसनाबादला सासरी गेलो होतो. शीतलचा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडलाय. शीतल म्हणजे माझा मेहुणा अंगद याची बायको. सासऱ्यांची, म्हणजे इंद्रभानरावांची, पिठाची गिरणी आहे. गिरणीला लागून एक खोली आहे आणि त्या खोलीत शीतलला ऑनलाईन सेंटर काढायचंय. अकरावीचे प्रवेश, सातबारा, पीकविमा, जे येईल ते. अडचण एकच, पीठ. अंगदने डबा उघडला तर आतला पंखा दिसेचना. सासूबाई आत डोकावून म्हणाल्या, एका भाकरीचं तर आरामात निघंल.

सासऱ्यांनी सांगून टाकलंय, जून सरेपर्यंत सेंटर चाललं तर चाललं, न्हाई तर त्या खोलीत मिरची कांडायचं मशीन बसवून राह्यलो. शीतल भाताचा एकच घास ताटात बराच वेळ फिरवत होती. मला वाईट वाटलं.

म्हणून जेवता जेवता जाहीर केलं की नवा कॉम्प्युटर मी निवडून देतो. धूळ लागणार नाही, देखभाल लागणार नाही, असा. सगळे गप्प झाले. विश्वास बसला की माणसं गप्पच होतात.

सासूबाईंनी एक कल्पना मांडली. गिरणीची मोटार कशी भिंतीपल्याड ठेवलीय आन् पट्टा तेवढा इकडं, तसं कॉम्प्युटरचं डबडं आत देवघरात ठेवलं आन् टीव्ही तेवढा इकडं, तर जमंल का पाव्हणे? मी हसलो. प्रेमानेच हसलो. भिंतीला भोक पाडणं म्हणजे टेक्नॉलॉजी नव्हे, हे त्यांना कसं समजावणार.

६ एप्रिल

संकल्प: रोज सकाळी उठून एक तास संशोधन. वचन: अक्षय तृतीयेला सेंटरमध्ये कॉम्प्युटर.

मी या कामाला लायक आहे याबद्दल शंका नसावी. आमच्या बियाण्यांच्या कंपनीत प्रिंटर अडकला की सगळे रामकिसनराव, रामकिसनराव करत माझ्याकडेच येतात. मी दोन थापा मारतो, तो चालू होतो. हे पुस्तकात शिकवत नाहीत.

वर्षाराणी म्हणाली, तुम्हाला कशाला पाहिजे ही भानगड, पप्पूदाजी बघतो म्हणले होते ना. पप्पू म्हणजे माझा साडू, पिंपळगाव रेणुकाईचा. मागच्या उन्हाळ्यात त्याने सासरी एक कूलर आणून दिला. तो कूलर अजून चालू आहे. हे मला सासरी गेल्यावर दर वेळी पाणी द्यायच्या आधी सांगितलं जातं.

९ एप्रिल

संशोधन सुरू. सकाळी नाही जमलं, दुपारी ऑफिसात केलं. यूट्यूबवर एक माणूस मिनी कॉम्प्युटर हातात धरून दाखवत होता, अगदी साबणाच्या वडीएवढा. नंतर त्यालाच चिकटून घरच्या घरी आइस्क्रीम करायचा व्हिडिओ लागला, तोही पाहिला. माहिती कुठलीच वाया जात नाही.

भुजंगला (शेजारचं टेबल) सगळं समजावून सांगितलं. प्रभावित झाला. त्याच्या मेहुण्याचं पशुखाद्याचं दुकान आहे, तिथेही कोंडाच कोंडा. तुमचं जमलं की आमचं बी बघा म्हणाला. म्हणजे मागणी आहे.

१९ एप्रिल, रविवार

अक्षय तृतीया. कॉम्प्युटर घेतला नाही. घाई नको म्हणूनच घेतला नाही. शीतलचा फोन आला होता. दाजी, काही न्हाई, सहज केल्ता, म्हणाली. सहज फोन करणारी माणसं हल्ली कमी झाली आहेत. आमरस छान झाला होता.

२७ एप्रिल

वर्षाराणीने आठवण करून दिली की मे महिन्याच्या मध्यावर अधिक मास लागतोय. अधिक महिन्यात सासरे नव्या कामाचा नारळ फोडणार नाहीत. म्हणजे त्याच्या आत उद्घाटन व्हायला पाहिजे, नाही तर पार जूनचा अर्धा उलटेल, अकरावीची पोरं भोकरदनला जाऊन फॉर्म भरून मोकळी होतील आणि शीतलच्या नशिबी मिरची. हे तिने जरा मोठ्याने सांगितलं.

मला माहीतच होतं. मी मुद्दाम थांबलो होतो. दबावात माझं डोकं चांगलं चालतं.

३ मे, रविवार

घेतला!

जुन्या जालन्यात राधेश्यामच्या दुकानात गेलो. त्याला म्हटलं, मला असा कॉम्प्युटर दाखवा की त्यावर गव्हाचं पोतं फुटलं तरी त्याला पत्ता लागू नये. त्याने एक काळा, भरीव, लोखंडी डबा काढला. वरून नुसत्या पन्हाळी पन्हाळी, कुठे जाळी नाही, कुठे भोक नाही. म्हणाला, इसमें पंखाच न्हाई साहेब, तर धूळ खेचणार कोण. बिलकुल आवाज न्हाई, मेंटेनन्स न्हाई. त्याच वेळी भुजंगचा फोन आला. राधेश्याम पुढे हवा, उघडा, मोकळा असं काहीतरी सांगत होता. दुकानदारांना पैसे घेतल्यावर बोलायची सवयच असते. मी मान हलवली.

पैसे सासऱ्यांनी आधीच देऊन ठेवले होते. जावयाकडून घ्यायचं नसतं म्हणाले. मला त्यांचं हे आवडतं. निवड मात्र माझी.

४ मे

घरी चाचणी घेतली. कॉम्प्युटर ओट्यावर ठेवून वरून चाळणीने पीठ चाळलं. नंतर फडक्याने पुसलं, झटकन निघालं. शंभर टक्के पास. वर्षाराणीने विचारलं, चालू करून चाळलं का बंद असताना? मी म्हटलं, धुळीला काय फरक पडतो. ओटा मलाच पुसावा लागला.

१० मे, रविवार

आज हसनाबाद. कॉम्प्युटर सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला. अंगद म्हणाला, वजनदार हाये. कूलरचा विषय निघाला नाही. (निघाला, पण उशिरा निघाला.)

मला राहून राहून वाटतंय की धुळीचा बंदोबस्त अजून पक्का हवा. आपल्याकडे मिक्सरला कव्हर असतं, टीव्हीवर रुमाल असतो, रिमोटसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो. आणि गिरणीतला कॉम्प्युटर उघडाबोडका? सासूबाईंना म्हटलं, याच्या मापाची गोधडी शिवा. आत जुनं लुगडं, वर तुमची ती हिरवी साडी, बारीक टाके, दोन पदर. बटणापुरतं भोक.

सासूबाईंनी विचारलं, पाव्हणे, त्याला उकडणार न्हाई का? मी खूप हसलो. म्हटलं, मामी, यंत्राला कुठं उकडतं. मग त्याही हसल्या आणि माप घ्यायला दोरा काढला. शीतल डब्याबरोबर आलेला कागद वाचत बसली होती. तोंड उघडलं आणि सासूबाईंकडे बघून मिटलं. मुलगी लाजाळू आहे.

१४ मे, गुरुवार

उद्घाटन थाटात. नारळ, हळदकुंकू, पेढे. गोधडी इतकी सुबक की गावातल्या बायका आधी तीच बघत होत्या. मी कॉम्प्युटर गोधडीसकट दोन्ही हातांत धरून उभा राहिलो, अंगदने फोटो काढला. फोटोत पोट आत ओढलेलं आहे, चेहरा तंत्रज्ञाचा आलाय.

चार शब्द बोललो. विषय: ग्रामीण भाग आणि मी.

शीतलने पहिला फॉर्म भरायला घेतला. आईबाप पोराला घेऊन खुर्चीवर बसले होते. थोड्याच वेळात स्क्रीन काळी झाली. पुन्हा चालू केला, पुन्हा काळी. मी सगळ्यांना सांगितलं, नवं यंत्र आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो. तेवढ्यात लाइटही गेली, त्यामुळे खरं कारण झाकलंच गेलं. ते आईबाप पोराला घेऊन गेले. पेढा घेऊन गेले.

१६ मे

फोन. बंद पडून राह्यलाय. शीतल म्हणाली, दाजी, वरचं जरा काढून बघू का?

मी ठाम नाही म्हटलं. वरचं काढलं की पीठ. पीठ गेलं की संपलं. तिने बरं म्हटलं. तिचं बरं फार बारीक होतं, पण बरंच होतं.

निदान: व्होल्टेज. हसनाबादच्या व्होल्टेजबद्दल मी आधीपासून बोलत आलोय.

२० मे

अंगदने स्टॅबिलायझर बसवला. तरीही बंद. आता निदान असं की ऊन. सावलीत बसलेली माणसं चक्कर येऊन पडतायत तिथे यंत्र काय करणार. उपाय: गोधडीला तिसरा पदर. गोधडी थंडीत ऊब देते तशी उन्हात ऊन अडवते, हे माझं स्वतःचं अनुमान आहे. सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, तिसरा? टाके मोजत असाव्यात.

२४ मे, रविवार

स्वतः गेलो. गोधडीवर हात ठेवला तर हात झटकन मागे आला. तव्यावर ठेवल्यासारखं. ताबडतोब निर्णय घेतला, टेबलफॅन. फॅन दारात ठेवून वारा थेट कॉम्प्युटरवर सोडला. दार गिरणीकडचं असल्यामुळे वाऱ्याबरोबर पीठही थोडं आलं. थोडं म्हणजे शीतलच्या भुवया पांढऱ्या झाल्या. वर्षाराणी म्हणाली, आतला बोटभर पंखा नको म्हणून हा डबा घेतला ना, मंग हा हातभर कशाला लावून राह्यले? तिला विषयाची पार्श्वभूमी नाही.

दोन पोरी मार्कशीट घेऊन आल्या होत्या. वाट बघून भोकरदनला गेल्या. शीतल दारात उभी राहून त्यांच्या रिक्षाकडे बघत होती. सासरे एका माणसाला घेऊन आले आणि त्याने टेपने खोलीचं माप घेतलं. मिरचीच्या मशीनवाला. मी विचारलं, इतकी घाई? सासरे म्हणाले, घाई न्हाई पाव्हणे, बघून ठेवून राह्यलो. मला पाणी गोड लागेना. शीतलला म्हटलं, एक आठवडा दे मला. ती म्हणाली, दाजी, तुम्ही नका मनाला लावून घेऊ.

परत येताना गाडीत मनाशी कबूल केलं की कुठेतरी काहीतरी चुकतंय. बहुधा राधेश्यामचं.

२६ मे

राधेश्यामकडे जाऊन त्याला झापायचा संकल्प. ऊन फार. संकल्प पुढे.

३१ मे, रविवार

फोन! चालून राह्यलाय दाजी, बराबर चालून राह्यलाय, म्हणाली शीतल. मी विचारलं, फॅनने? ती जरा थांबली, म्हणाली, हां, तसंच समजा. गोधडी हाये का वर? हाये की दाजी, तुमची गोधडी जागच्या जागी हाये.

तिसऱ्या पदराने केलं. मला माहीत होतं.

१ जून

ऑफिसात पेढे वाटले. भुजंगने लगेच विचारलं, आमच्या मेहुण्याचं? म्हटलं, घेऊ. गोधडीही शिवून देऊ. साहेबांना सांगितलं की आपल्या गोदामातल्या कॉम्प्युटरलाही गोधडी लागेल. साहेब म्हणाले, बघू. साहेब बघू म्हणतात ते बहुतेक वेळा बघतातच.

७ जून, रविवार

धोंड्याचं जेवण. अधिक मासात जावयाला असा मान आमच्या सासरीच मिळावा. कपडे, अनारसे, पुरणाचे धोंडे. पप्पूही होता. कूलरवर कोणी बोललं नाही, कारण आज बोलायला सेंटर होतं. खुर्च्या भरलेल्या, बाहेर बाकावर माणसं. शीतल फॉर्मवर फॉर्म भरत होती, स्क्रीन एकदाही काळी झाली नाही. मी गोधडीवर हात ठेवला. थंडगार! माठावर ठेवल्यासारखा हात गार. पप्पूलाही हात लावून बघायला लावलं. त्याने लावला, शीतलकडे पाहिलं आणि उगाच खोकत बाहेर गेला. जळतो.

आणि खरी गोष्ट. सेंटरच्या भिंतीवर माझा फोटो! उद्घाटनाचाच, चांगला मोठा करून, फ्रेम करून. जरा खाली लावलाय, अगदी स्क्रीनच्या मागे, टेबलाला टेकून. म्हटलं, वर लावा ना, देवाच्या फोटोशेजारी. शीतल घाईने म्हणाली, न्हाई न्हाई दाजी, इथंच बरा, सारखा नजरेसमोर. मला गहिवरून आलं. सासूबाईही पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मिरचीच्या मशीनचं विचारलं. सासरे म्हणाले, ऱ्हाऊ द्या आता मिरची. पोरीचं चांगलं चालून राह्यलंय.

हे ऐकून जे वाटलं ते लिहून ठेवतो. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. आपल्यामुळे एखाद्याचं काम उभं राहतं, तेव्हा माणूस पुरणाचा चौथा धोंडाही खाऊ शकतो.

१५ जून

व्हिजिटिंग कार्ड छापायचा विचार. ‘धूळमुक्त संगणक सल्लागार’. खाली बारीक अक्षरांत ‘गोधडी मिळेल’.

२१ जून, रविवार. संध्याकाळ

भुजंगला घेऊन हसनाबादला गेलो. फोन न करता गेलो. काम रोजच्यासारखं चालू असताना बघितलं की माणसाला पटतं, हा माझाच आग्रह.

शीतल आत चहा टाकायला गेली होती, सेंटरमध्ये बाकावर दोन गिऱ्हाइकं. मी भुजंगला म्हटलं, हात लावा. त्याने लावला, म्हणाला, खरंच गार हाये हो. म्हटलं, आता आतलं यंत्र बघा, आणि गोधडी वर उचलली.

आत पत्र्याचा डबा होता. बिस्किटांचा. झाकण उघडलं. सुई, दोरे, हिरव्या साडीचा उरलेला तुकडा.

भुजंग म्हणाला, हेच का ते मिनी?

स्क्रीन मात्र चालू होती. फॉर्म अर्धा भरलेला दिसत होता. स्क्रीनच्या वायरी टेबलामागून वर जात होत्या आणि माझ्या फोटोमागे शिरत होत्या. मी फोटो जरा बाजूला केला. माझ्या पोटामागे भिंतीला भोक होतं, चांगलं वीतभर. त्यातून पलीकडचं देवघर दिसत होतं. समई तेवत होती आणि समईशेजारी पाटावर तो काळा डबा, अंगावर काही नाही, उघडाबोडका, निवांत. भोकातून गिरणीच्या पिठाचा लोट पलीकडे जायला लागला, तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, ए, कोणं पाव्हण्याला हालवलं? लावा जल्दी, देवावर पीठ येऊन राह्यलं!

मी फोटो परत लावला.

शीतल चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजी, म्हणाली, तुम्ही इतक्या हौसेनं सगळं केलं होतं. डबा तुम्ही चांगलाच आणला, नुसती हवा लागत होती त्याला. तसं कागदात लिहिलं होतं. पण तुम्हाला कसं सांगायचं? जावयाला कुणी सांगतं का? सासूबाई म्हणाल्या, भोक अंगदनं पाडलं, पण तिथून पीठ जाऊन राह्यलं होतं. तेवढ्या मापाचं दुसरं काही सापडंना.

म्हणजे मी माप घेऊन मोठा केलेला आहे.

लाज वाटली. सगळ्या घराला माहीत, पप्पूला माहीत, गोधडीवर हात ठेवून मी भाषण करत होतो तेव्हा बाकावरच्या गिऱ्हाइकांनाही माहीत. कोणी हसलं नाही. इतके दिवस मी कधीही येईन म्हणून ते बिस्किटांचा डबा गोधडीत घालून ठेवत राहिले. शीतलने विचारलं, दाजी, फोटो काढून तिथं फळी ठोकू का? मी बाकाकडे पाहिलं. एक म्हातारा पोराची मार्कशीट छातीशी धरून बसला होता, त्याची पाळी आली होती.

म्हटलं, राहू दे. देवावर पीठ जाईल.

भुजंग जालना आल्यावर म्हणाला, आमच्या मेहुण्याच्या दुकानातली भिंत विटांची हाये, भोक पडंल.

२२ जून

व्हिजिटिंग कार्ड रद्द.

वर्षाराणीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, तुम्ही किती खूश होते. मग तिने उरलेले अनारसे काढून दिले.

आज पुन्हा लिहून बघतो. डबा मी आणला. डबा धुळीपासून सुरक्षित आहे. देखभाल लागत नाही. सेंटर चालू आहे, मिरची आली नाही. हिशेबाने पाहिलं तर माझं काही चुकलेलं नाही. पण हे वाक्य तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मलाच ओशाळल्यासारखं झालं, म्हणून खोडतोय.

२७ जून

शीतलचा फोन. आवाज मोकळा. पीकविम्याचे फॉर्म सुरू होऊन राह्यलेत, गर्दी वाढणार, म्हणाली. मग जरा अडखळली. दाजी, राग नका मानू, एक काम होतं. फ्रेमच्या खालून थोडं थोडं पीठ आत जाऊन राह्यलंय. तुमचा याच्यापेक्षा मोठा फोटो हाये का?

उद्या स्टुडिओत जातो. पोट आत ओढणार नाही.